मिटलेल्या कर्जाच्या नोंदीला मुदत हवी



कर्ज थकले, बुडाले किंवा तडजोडीने मिटले, की माणसाने आपली पत पुन्हा कशी उभी करायची? आपल्याकडे हा प्रश्न सल्ला मागण्यासाठी विचारला जातो आणि त्याचे उत्तरही सल्ल्याच्याच रूपात मिळते. बँकेत थोडी मुदत ठेव ठेवा, तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, महिन्याला किराणा आणि पेट्रोल तेवढे त्यावर करा, बिल तारखेच्या आत पूर्ण भरा, जमल्यास लहानसे सोनेतारण कर्ज काढून वेळेत फेडा, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत सिबिलचा पतगुणांक सुधारेल. या सल्ल्यात चूक नाही. ज्याच्या हातात दुसरे काही नाही त्याने हेच करावे. परंतु आज मला हा प्रश्न कायद्याच्या अंगाने मांडायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, कर्ज कायदेशीर रीतीने मिटले असेल तर त्याची नोंदही एका ठरलेल्या दिवशी पुसली गेली पाहिजे आणि तो दिवस कर्जदाराला पहिल्यापासून माहीत असला पाहिजे. असा दिवस नसेल, तर नवे कार्ड आणि नवे कर्ज घेऊन पत सुधारणे म्हणजे जुन्या कर्जाची शिक्षा नव्या व्याजासकट भोगणे होय. हे म्हणणे भाबडे वाटू नये म्हणून त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही मी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण दिवाळखोरीनंतर पुन्हा कर्ज घेणे ही गोष्ट तिथे सर्वांत जास्त रुळली आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ साली ‘लोकल लोन कंपनी विरुद्ध हंट’ या खटल्यात स्पष्ट केले की, प्रामाणिक पण नशिबाने हात दिला नाही अशा कर्जदाराला नव्याने सुरुवात करता यावी, हा दिवाळखोरीच्या कायद्याचा हेतू आहे. आजचा दिवाळखोरी कायदा १९७८ सालचा. त्याच्या प्रकरण सातखाली कर्जदाराची कायद्याने न वगळलेली मालमत्ता विकून बहुतेक कर्जे माफ होतात. प्रकरण तेराखाली तीन ते पाच वर्षांची परतफेड-योजना पार पाडावी लागते. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा कायदा दुसराच आहे. पतमाहिती कंपन्यांवर बंधने घालणारा कायदा तिथे १९७० मध्ये आला. त्यात दिवाळखोरीची नोंद चौदा वर्षे दाखवण्याची मुभा होती. १९७८ मध्ये ती दहा वर्षांवर आणली गेली. इतर बहुतेक वाईट नोंदींना सात वर्षांची मर्यादा आहे. मोठ्या रकमांच्या कर्जांना काही अपवाद आहेत, ते सोडून द्या. १९९६ च्या दुरुस्तीने आणखी एक छिद्र बुजवले: सात वर्षे कधीपासून मोजायची हे पहिल्या थकबाकीच्या तारखेला बांधून टाकले, म्हणजे कर्ज दुसऱ्या वसुली कंपनीला विकले म्हणून घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. ब्रिटनमध्ये तर दिवाळखोर व्यक्ती साधारणपणे बारा महिन्यांत मुक्त होते आणि पतनोंदीत ती दिवाळखोरी सहा वर्षे राहते.

या मर्यादा असल्यामुळेच तिथे नव्या कार्डाला अर्थ आहे. दिवाळखोरीतून सुटलेला माणूस अनामत ठेवून कार्ड घेतो, क्रेडिट युनियनकडून लहान कर्ज घेतो, वेळेवर भरतो. त्याच्या अहवालात एकीकडे चांगल्या नोंदी जमत जातात आणि दुसरीकडे वाईट नोंद दर महिन्याला आपल्या शेवटाकडे सरकत असते. तरीही हे चित्र निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. कायद्याच्या अभ्यासक कॅथरिन पोर्टर यांनी दिवाळखोरीतून गेलेल्या कुटुंबांच्या मुलाखतींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आढळले की वर्षभरात जवळपास सर्वच कुटुंबांकडे नव्या कर्जाची आमंत्रणे येऊन पडली होती. यामागे औदार्य नाही, हिशेब आहे. ज्याची जुनी कर्जे नुकतीच माफ झाली त्याच्या पगारावर आता दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, आणि प्रकरण सातखाली एकदा माफी मिळाली की पुन्हा तशीच माफी मागायला आठ वर्षे थांबावे लागते. असे गिऱ्हाईक चढ्या व्याजाने कर्ज देणाऱ्याला सोयीचे असते. म्हणून अमेरिकेकडून घ्यायची ती नोंदीची मुदत. तिथला कार्डांचा बाजार आपण आदर्श मानण्याचे कारण नाही.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. व्यक्तीच्या दिवाळखोरीसाठी मुंबईत आजही १९०९ चा प्रेसिडेन्सी-टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट लागतो आणि पुण्याला किंवा सांगलीला १९२० चा प्रॉव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट. पाचशे रुपयांच्या कर्जाची मर्यादा त्यांत अजून तशीच आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी लिहिला गेला. दिवाळखोरीतून साधारण वर्षभरानंतर मुक्तता आणि अगदी गरीब कर्जदारासाठी नव्या सुरुवातीची वेगळी तरतूद, हे दोन्ही त्यात आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. दुकानदार, रिक्षावाला, नोकरी गेलेला कामगार यांना तो लागू नाही. त्यामुळे आपल्याकडे सामान्य माणूस दिवाळखोर म्हणून कोर्टात जात नाही. तो ‘सेटलमेंट’ करतो. वसुलीचे फोन सुरू होतात, नातेवाइकांकडून किंवा दागिने मोडून रक्कम उभी होते, एकरकमी तडजोड होते, आणि बँकेचे ‘नो ड्यूज’ पत्र हातात पडले की घर सुटकेचा निःश्वास टाकते.

पुढचे कळते ते पतमाहितीचा अहवाल हाती आल्यावर. त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या छत्तीस महिन्यांपर्यंतचे. वेळेवर भरलेल्या महिन्यात तीन शून्ये, हप्ता थकला की दिवसांचा आकडा: तीस, साठ, नव्वद. आणि वर एका ओळीत खात्याची स्थिती. रक्कम पूर्ण फिटली असेल तर ‘क्लोज्ड’. तडजोडीने मिटली असेल तर ‘सेटल्ड’. बँकेने हिशेबातून काढून टाकली असेल तर ‘रिटन ऑफ’. कर्जदाराला वाटते, आपण व्यवहार पुरा केला. पुढची बँक वाचते, याने पूर्ण पैसे दिले नाहीत. दोन्ही खरे आहे, आणि हे पुढच्या बँकेला कळू नये असे मी म्हणत नाही. प्रश्न किती वर्षे, हा आहे. आपला पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा, त्याखालची विनियमावली २००६ ची. त्यात माहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे. अमेरिकेत सात वर्षांनंतर नोंद दाखवायला मनाई. आपल्याकडे सात वर्षांच्या आत ती काढायला मनाई. त्यानंतर कधी काढायची, याला कर्जदाराने बोट ठेवावे अशी तारीख नाही. त्यातच ‘रिटन ऑफ’ झालेले खाते थकीत म्हणून पुन्हा पुन्हा कळवले जाते, किंवा मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले जाते आणि तिच्या नावाने अहवालात दिसू लागते.

ही नोंद आता कर्जाच्या टेबलापुरती राहिलेली नाही, म्हणून मला हे जास्त खुपते. सरकारी बँकांच्या भरतीच्या जाहिरातींत पतनोंद चांगली असण्याची अट येते. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एका उमेदवाराचे प्रकरण आले. भारतीय स्टेट बँकेने निवड झाल्यावर त्याची नियुक्ती खराब पतनोंदीच्या कारणावरून रद्द केली होती. कर्जे जाहिरातीच्या आधीच फेडली होती, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. याउलट २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, सिबिल कमी आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे सांगितले. आपल्या राज्यात मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल होतील, असा इशारा दिला. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण नियम नसला की एकेका प्रकरणाला न्यायालय आणि एकेका हंगामाला इशारा, असाच कारभार चालतो.

या परिस्थितीत ‘मुदत ठेवीवर कार्ड घ्या’ हा सल्ला कोणाला किती उपयोगी पडतो, हे आकड्यांनीच पाहिलेले बरे. समजा, एखाद्याने पंचवीस हजारांची ठेव ठेवली आणि तिच्या ऐंशी टक्के, म्हणजे वीस हजारांच्या मर्यादेचे कार्ड घेतले. दरमहा तीन-चार हजारांची खरेदी करून पूर्ण बिल भरले तर त्याला व्याज पडत नाही आणि अहवालात तीन शून्यांचे चौकोन जमा होत जातात. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च, एका वेळी एकच अर्ज, बिलाला बँकेतून आपोआप भरण्याची सोय: एवढे पाळले तर हा मार्ग स्वस्त आहे. पण मुलाच्या आजारपणात कार्ड पूर्ण वापरले गेले आणि पुढच्या महिन्यात फक्त किमान रक्कम भरली, तर काय होते? महिना तीन टक्के व्याज धरले तर वीस हजारांवर सहाशे रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे एकशे आठ, मिळून सातशे आठ. किमान देय पाच टक्के, म्हणजे हजार रुपये भरले, तरी मुद्दल तीनशेनेही उतरत नाही. त्याच वेळी त्याच बँकेत पडलेल्या त्याच्याच पंचवीस हजारांवर सात टक्क्यांनी महिन्याला जेमतेम एकशे पंचेचाळीस रुपये जमतात. बँकेला धोका जवळपास शून्य आहे, कारण तारण तिच्याच तिजोरीत आहे. शिवाय ज्याने दागिने मोडून तडजोड केली त्याच्याकडे अडकवून ठेवायला पंचवीस हजार कुठून येणार? तो भिशीत नियमित पैसे भरत असेल, गावच्या पतसंस्थेचे हप्ते कधी चुकवत नसेल, दहा वर्षे घरभाडे आणि विजेचे बिल वेळेवर देत असेल. यातले फारसे काही त्या अहवालात पोहोचत नाही. बहुतेक पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाहीत. प्रामाणिकपणाचा जो पुरावा त्याच्याजवळ आहे तो मोजला जात नाही, आणि जो मोजला जातो तो मिळवण्यासाठी त्याला पुन्हा कर्ज घ्यावे लागते.

नोंदीचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दख्खनचे दंगे सुरू झाले. नेमलेल्या आयोगाला चौकशीत जे दिसले ते आजही विचारात पाडणारे आहे: जमाव प्रामुख्याने सावकारांच्या घरातले रोखे, दस्त आणि हुकूमनामे मिळवून जाळत होता. शेतकऱ्याचा राग माणसापेक्षा त्या कागदावर होता, कारण किती फेडले तरी कागद तसाच राहत होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सुरुवातीपासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले, आणि पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. त्याच्याही आधीपासून मुंबई इलाख्यात दामदुपटीचा नियम चालत होता: एका वेळी व्याजाची वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. या सगळ्यामागे एकच जाण आहे, की कर्जाच्या दाव्याला कुठेतरी कड असली पाहिजे. आपला वर्षातून एकदा मिळणारा फुकट पतअहवाल २०१७ पासूनचा आहे. आपला हिशेब पाहण्याचा हक्क या प्रदेशातल्या कर्जदाराला १८७९ मध्ये मिळाला होता. त्या कायद्यातही दोष होते, सावकारांनी पतपुरवठा आखडला अशी तक्रार झाली, आणि ती तक्रार आजच्या चर्चेतही हजर आहे.

त्या तक्रारीकडेच वळतो. पहिला आक्षेप असा की, नोंद पुसली तर बँकेला चांगला कर्जदार आणि वाईट कर्जदार ओळखता येणार नाही आणि त्याची किंमत प्रामाणिक माणूस मोजेल. हा आक्षेप पुराव्यावर उभा आहे. डेव्हिड मस्टो यांनी २००४ मध्ये दाखवले की अमेरिकेत दहा वर्षांनी दिवाळखोरीची खूण निघाली की गुणांक एकदम चढतो, भराभर कर्ज मिळते आणि पुढे त्यातल्या बऱ्याच जणांची पत पुन्हा ढासळते. चिलीमध्ये २०१२ साली कायद्याने लाखो लोकांच्या थकबाकीच्या नोंदी एका फटक्यात काढल्या गेल्या. त्यावरच्या अभ्यासात आढळले की ज्यांनी कधी हप्ता चुकवला नव्हता अशा गरीब कर्जदारांना कर्ज महाग झाले. मी हे निष्कर्ष मान्य करतो. पण चिलीत झाले ते सरसकट आणि अचानक होते. बँकांना एका रात्रीत सगळेच गरीब सारखे दिसू लागले. प्रत्येक नोंद आपल्या स्वतःच्या तारखेला निघत असेल आणि ती तारीख सर्वांना आधी ठाऊक असेल, तर बँक त्याप्रमाणे भाव ठरवू शकते. आणि मस्टो यांच्या आकड्यांतून मला दिसते ते हे की, दहा वर्षे माणसाला बाहेर उभे करून एके दिवशी सगळी दारे उघडली तर तो धडपडतो. म्हणून मुदत संपण्याआधीच्या वर्षांत लहान, ठेवीला बांधलेली कर्जे त्याला मिळाली पाहिजेत. नव्या कार्डाची जागा ही आहे, मुदतीच्या आत.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नोंद पुसली की नोकऱ्या मिळतील, अशी आशा अनेकदा दाखवली जाते. अमेरिकेत विल डॉबी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात खूण निघाल्यावर गुणांक आणि कार्डाची मर्यादा वाढली, पण नोकरी किंवा कमाईत फरक दिसला नाही. स्वीडनमधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष उलट आहे. नोंद जास्त काळ राहिल्याने तिथे लोकांचा रोजगार घटला. म्हणून माझा युक्तिवाद मी रोजगारावर उभा करत नाही. पण बँकेच्या भरतीसारखी जी अट माणसाच्या पोटावर येते ती किती जुन्या घटनेवर घालायची, याला मर्यादा असणे हे न्यायाचे काम आहे. त्यासाठी आकडेवारीची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे. कर्ज बुडवणाऱ्याला मोकळे सोडले तर उद्या सगळेच बुडवतील. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या घराघरात शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. पण कर्ज थकण्यामागे आजार, गेलेली नोकरी, बुडालेला धंदा, करपलेले पीक असते, तेव्हा पाय लांबवल्याचा दोष कोणाला द्यायचा? जाणूनबुजून बुडवणाऱ्याला वगळण्याची सोय दिवाळखोरी कायद्यांत सहसा असते. लबाडीने घेतलेले कर्ज माफ होत नाही. आणि कंपन्यांच्या बाबतीत आपण काय केले ते पाहा. २०१६ च्या संहितेखाली कंपनीची निराकरण योजना मंजूर झाली की योजनेत नसलेली जुनी देणी संपतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. कंपनी नव्या मालकाकडे जाते, जुन्या प्रवर्तकाला सहसा परत येता येत नाही, हा फरक मी विसरत नाही. तरी उद्योगाची पाटी कोरी करणे देशाच्या हिताचे आहे, हे तत्त्व आपण स्वीकारले. मग त्याच संहितेच्या तिसऱ्या भागातल्या माणसाला इतकी वर्षे दाराबाहेर ठेवण्याचे समर्थन नीतीच्या नावाने करता येत नाही.

काय करायला हवे, ते अवघड नाही. पतमाहितीच्या विनियमावलीत वैयक्तिक कर्जाच्या वाईट नोंदीला सात वर्षांची वरची मर्यादा घालावी आणि ती पहिल्या थकबाकीच्या तारखेपासून मोजावी, कर्ज नंतर कितीही हातांतून फिरो. लहान रकमांसाठी, विशेषतः तडजोडीची रक्कम पूर्ण भरलेल्यांसाठी, ती आणखी कमी असावी. कर्जदाराची संमती असेल तर घरभाडे, वीजबिल आणि पतसंस्थेचे हप्ते अहवालात यावेत. संहितेचा तिसरा भाग सर्वांना लागू करावा. पण नव्या सुरुवातीच्या तरतुदीतल्या मर्यादा, म्हणजे वर्षाचे उत्पन्न साठ हजार, मालमत्ता वीस हजार आणि कर्ज पस्तीस हजार, या बदलल्याशिवाय नाही, नाहीतर त्यात बसणारा माणूस शोधावा लागेल.

तोवर कर्जदाराने आपला फुकट अहवाल दरवर्षी मागवावा, चूक असेल तर लेखी तक्रार करावी. एप्रिल २०२४ पासून तीस दिवसांत तिचे निवारण झाले नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते. उरलेली रक्कम भरून ‘सेटल्ड’चे ‘क्लोज्ड’ करून मिळेल का, हे तडजोडीच्या आधीच बँकेकडून लेखी घ्यावे. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. आणि बँकांना सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार तडजोड झालेल्या कर्जदाराला, शेतीकर्ज सोडून, नवे कर्ज देण्यापूर्वी किमान बारा महिने थांबायचे असते. त्यापुढचा काळ बँकेचे संचालक मंडळ ठरवते. तेच मंडळ हा काळ जास्तीत जास्त किती, हेही ठरवू शकते आणि तडजोडीच्या पत्रावर ती तारीख छापू शकते. सहकारी बँकांचे अनेक संचालक आज या सभागृहात आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.